आंबळवाडीची सभा

आंबळवाडी, ता. पाटण
दि. १८ सप्टेंबर २०२५

प्रिय पप्पा,

सप्रेम सलाम.

तुमचा गुडघा कसा आहे? तिथे जमिनीवर बसायचं आणि उठायचं म्हणजे त्रास होतच असणार. दादाजवळ गोळ्या दिल्या होत्या, त्या तुमच्यापर्यंत पोचल्या की नाही ते वकिलांबरोबर कळवा. दादाला विचारलं तर तो ‘बरे आहेत’ एवढंच म्हणतो आणि सांगलीच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठतो.

गेल्या मुलाखतीला जाळीपाशी एवढा गलका होता की तुम्ही काय म्हणालात ते मला अर्धंच ऐकू आलं. म्हणून हे पत्र. पाटणच्या पोस्टात तिकीट मागितलं तर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “कुणाला हो पत्र?” म्हटलं, वडिलांना. “साताऱ्यात असतात? मग फोन नाही का त्यांच्याकडे?” मी म्हटलं, त्यांना फोन आवडत नाही. तुरुंग हा शब्द अजून माझ्या तोंडून सहज बाहेर पडत नाही. पत्र आधी तिथले साहेब वाचतात, असं नाथाजीराव वकील म्हणाले. वाचू देत. यात भात आणि रानडुकरं सोडून फारसं काही नाही.

भात निसवलंय आणि डुकरांनी खालची वावरं तुडवून टाकलीत. माणसं आळीपाळीने राखणीला जातात आणि रविवारी उपासनेत पेंगतात. माझा उपदेश लांबला की तानाजीची अंजना सगळ्यांदेखत जांभई देते, म्हणून मी आता आटोपता घेते. तुम्ही असता तर म्हणाला असता, उपदेश लांबतो तेव्हा तयारी कमी झालेली असते. खरं आहे ते.

दृढीकरणाच्या वर्गाला या वर्षी चांगली पोरं आहेत. परवा एकीने विचारलं, “ताई, वाईच्या मावशीच्या मंडळीत खोट्या साक्षीची आज्ञा नववी म्हणतात, मग आपल्या दहा आज्ञांत ती आठवी कशी?” मी सांगितलं, आपण लुथरन, आपली मोजायची पद्धत वेगळी. आज्ञा तीच. ती म्हणाली, मग परीक्षेत काय लिहायचं? पोरं हसली, मीही हसले आणि पुढचा धडा घेतला.

आपल्या चर्चच्या महामंडळाची खाती पोलिसांनी गोठवल्यापासून कुणाही पाळकाचा पगार झालेला नाही. माझी काळजी करू नका. पाटणला शिकवण्या घेते, आणि इथली माणसं मला उपाशी ठेवतील असं तुम्हाला तरी वाटतं का? नाचणी, तांदूळ, अळूच्या गड्ड्या, कधी एखादी कोंबडी. दार उघडलं की पायरीवर काहीतरी असतंच.

कोंडीबातात्या दर रविवारी तुमची चौकशी करतात. “सायबांचं काय कळलं का वो?” माझ्या उत्तराची वाटही न बघता मग तीच गोष्ट सांगतात, मला पाठ झालेली. तुम्ही इथे पाळक होता आणि रस्ता नव्हता तेव्हाची. त्यांचा थोरला तापाने फणफणला होता, ओढ्याला पाणी होतं आणि तुम्ही त्याला घोंगडीत बांधून पाठीवर घेऊन पाटणच्या दवाखान्यात नेलं होतं. “सख्खा भाऊ न्हाई आला, पर सायब आलं.” आता तो थोरला मुंबईत टॅक्सी चालवतो, त्याच्या पोटाचा घेर पाहिला तर त्याला कुणी पाठीवर घेतलं असेल हे खरं वाटणार नाही.

तात्यांची नात सोनम मात्र इथे नाही. साताऱ्याचं आपल्या मिशनचं बोर्डिंग बंद झालं आणि तिचं कॉलेज सुटलं. आता ती तिथल्याच औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला जाते. तात्यांना वाटतं, बोर्डिंग सरकारने बंद केलं. “सरकारला गरिबाचं शिकणं बघवत न्हाई,” म्हणतात. मी विषय बदलला.

नाथाजीराव पाटणच्या स्टँडवर भेटले. आम्ही चहा घेतला. त्यांनी तुमचा निरोप सांगितला. त्याबद्दल विचार करते आहे.

आईच्या कबरीवर गवत माजलं होतं, ते काढलं. दगड धुतला. बाकी सर्व ठीक.

तब्येतीला जपा. प्रार्थनेत रोज तुमचं नाव घेते.

तुमची लाडकी,
उत्कर्षा


आंबळवाडी
दि. ७ ऑक्टोबर २०२५

प्रिय पप्पा,

सलाम. हे पत्र आधी वाचणाऱ्या साहेबांनाही सलाम. त्यांच्यापासून लपवावं असं आता यात काही उरलेलं नाही.

मागच्या पत्रात मी डुकरांबद्दल लिहिलं, कोंबडीबद्दल लिहिलं आणि तुमच्या निरोपाला दोन ओळींत वाटेला लावलं. तुमच्या ते लक्षात आलंच असेल. आता सरळ लिहिते.

नाथाजीराव म्हणाले होते, “पोलीस आंबळवाडीत जबाब घ्यायला येणार आहेत. सगळ्यांनी एवढंच सांगायचं की त्या तारखेला तुमच्या चर्चमध्ये महासभा भरली आणि साताऱ्याच्या बोर्डिंगची जागा विकायला सगळ्यांनी हात वर केले. साहेबांवरचा सभेशिवाय जागा विकल्याचा मुख्य आरोपच ढिला होईल. माणसं तर जमली होतीच ना, ताई? सांगलीच्या, वाईच्या, साताऱ्याच्या गाड्या आल्या होत्या. फोटो आहेत. खोटं असं काही नाही. फक्त सभा म्हणायचं.”

तारीख ऐकून मी चहा तसाच खाली ठेवला. ती कसली तारीख हे वकिलांना माहीत नसावं, नाहीतर ते इतकं सहज बोलले नसते. मी त्यांना काही सांगितलं नाही. तुम्हाला पत्रात विचारायचं होतं, तेही जमलं नाही. कबरीवरचं गवत काढलं एवढंच लिहिता आलं.

परवाच्या रविवारी उपासना संपल्यावर मी सगळ्यांना थांबायला सांगितलं. दारं उघडीच ठेवली. म्हटलं, उद्या पोलीस येणार आहेत, ते विचारतील की अमुक तारखेला इथे सभा झाली का. साहेबांचं म्हणणं आहे की झाली.

कोंडीबातात्या लगेच उभे राहिले. “सायब म्हणत्यात तर झाली आसंल की. आमी कुटं लिवून ठिवतोय? मी सांगतू. समद्यांनी सांगायचं रं.”

माना हलल्या. पप्पा, त्या क्षणी मी गप्प बसले असते तर तुमचं काम झालं असतं. माणसं सरळ पोलिसांपुढे जाऊन बोलली असती आणि आपण खोटं बोललो हे त्यांना कधी कळलंही नसतं. तुमच्यावरच्या मायेपोटी बोलली असती. मला ते सगळ्यात भयंकर वाटलं.

मी म्हटलं, “तात्या, तारीख नीट ऐका.” आणि महिना, वर्ष, वार सगळं पुन्हा सांगितलं.

अंजना भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “आवं, त्या दिशी तर पाळकीणबाईंची माती हुती.”

आईला त्या अजून पाळकीणबाईच म्हणतात. मग बायकांच्या बाजूने एकेक आवाज यायला लागला. व्हय, त्याच दिशी. मी फुलं आणली हुती. आमी समद्यांनी चुलवानावर भात घातला हुता पाव्हण्यांस्नी. तात्या उभेच होते. “मंग सभा कवा झाली?” त्यांनी मला विचारलं. “मातीच्या आदी का मागनं?”

“झालीच नाही, तात्या.”

“आन ती कशापायी झाली म्हणायची?”

“साताऱ्याच्या बोर्डिंगची जागा विकायला आपण सगळ्यांनी होकार दिला, असं दाखवायला.”

“आमच्या सोनमचं बोर्डिंग?”

मी हो म्हटलं.

तात्या हळूच खाली बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. मला वाटलं, आता शिव्या येतील. निदान तुम्हाला नाही तर मला. तुम्ही त्यांचं थोरलं पोर पाठीवर नेलंत आणि तुम्हीच त्यांच्या नातीच्या डोक्यावरचं छप्पर विकलंत. या दोन्ही गोष्टी एका माणसाच्या मनात कुठे ठेवायच्या? मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं,

“ताई, सायबांस्नी तितं जेवाय काय देत्यात?”

मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

मग ते म्हणाले, “सायबांसाटी मी कुटंबी यीन. म्हणत आसशील तर त्यांच्या जागी आत बशीन. पर जी सभा झाली न्हाई ती झाली, आसं बाईंच्या मातीवर उबा राहून न्हाई म्हणायचा. बाईंनी माज्या म्हातारीचं मरताना समदं केलंया.”

त्यानंतर अंजनाने जे विचारलं ते तुम्हाला कळवलंच पाहिजे. ती घाबरत घाबरत म्हणाली, “ताई, मंग आमचा बाप्तिस्मा? तो बी सायबांनीच दिल्याला.” सगळे माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं, “बाप्तिस्मा साहेबांचा नव्हता, अंजना. पाणी ओतणारा हात साहेबांचा होता, वचन देवाचं होतं. हात घसरला म्हणून वचन घसरत नाही.” हे मला तुम्हीच शिकवलंय. माझ्या पाळकपदाच्या दीक्षेच्या आधी सांगलीच्या घरी, चटणी-भाकरी खाता खाता. तेव्हा ते मला पुस्तकी वाटलं होतं.

सोमवारी पोलीस आले. माणसांनी खरं ते सांगितलं. शेवटी अधिकारी माझ्याकडे वळले. तुमची मुलगी म्हणून मला सवलत द्यायला ते तयार होते. “नाही बोललात तरी चालेल, मॅडम,” म्हणाले. मी बोलले.

काय बोलले ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं. मी सांगितलं की त्या दिवशी माती लोटून झाल्यावर माणसं एकेक करून जेवायला गेली, पण माझे वडील कबरीपाशीच बसून राहिले. गाड्या निघेपर्यंत ते तिथून उठले नाहीत. मी त्यांचा हात धरून शेजारी बसले होते. ठराव मांडायला ते उठले असते तर हात मला सोडावा लागला असता. मी तो सोडलेला नाही.

पप्पा, त्या दिवशीचं तुमचं रडणं खरं होतं. तुम्ही आयुष्यात केलेल्या सगळ्या खऱ्या गोष्टींतली ती एक. ते रडणं ठराव म्हणून कुणाला वापरू देणार नाही. तुम्हालासुद्धा नाही.

मला तुमचा न्याय करायचा नाही, तो करायला कोर्ट आहे. पण मी आठवत बसते की हे सुरू कुठून झालं. परदेशातली मदत आटली, पाळकांचे पगार थकले, तेव्हा तुम्ही बोर्डिंगच्या रस्त्याकडेची पट्टी विकून सगळ्यांचे पगार केलेत. लोकांनी हार घातले. त्यात तुमच्या खिशात एक पैसा गेला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. मग महामंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक आली आणि प्रतिनिधींना मतदानापर्यंत महाबळेश्वरच्या हॉटेलात नेऊन ठेवलं. तुम्ही आईला म्हणाला होता, समोरचा गटही तेच करतोय, चांगली माणसं हरली तर मंडळीचं काय होईल? मग त्या गटाने कोर्टात दावा लावला, तुम्ही लावलात, वकिलांची फी मिशनच्या पैशातून जायला लागली. आणि कधीतरी त्याच वाटेने सांगलीच्या विश्रामबागेतला बंगला आला. आई त्या बंगल्यात शेवटपर्यंत पाहुण्यासारखी राहिली. तिने कधी काही विचारलं नाही. फक्त मला आंबळवाडीला पुरा म्हणाली.

समोरच्या गटाच्या लोकांचा मला काल फोन आला. अभिनंदन म्हणाले. सांगलीच्या मोठ्या मंडळीत नेमणूक देऊ म्हणाले. मी नको म्हटलं. मी त्यांच्यासाठी काही केलेलं नाही. नाथाजीरावांचाही आला. “पोटच्या पोरीने बुडवलं,” म्हणाले.

पुढच्या महिन्यात मुलाखतीला येणार आहे. तुम्ही भेटायला बाहेर आला नाहीत तरी दारात थांबून परत येईन आणि पुन्हा येईन. मुलगी म्हणून तुम्हाला मी कधीही टाकणार नाही, तुम्ही काहीही म्हणा. पण तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून मला पाळकही केलंय. कुणापाशी मन मोकळं करावंसं वाटलं, जसं आपण इतकी वर्षं दुसऱ्यांना करायला सांगत आलो तसं, तर ऐकायला मी आहे. पोरीपुढे कसं बोलू असं वाटलं तर माझ्याकडे बघू नका. जाळीकडे बघा.

तुमच्यावर रागावलेली आणि तुमचीच,
उत्कर्षा


आंबळवाडी
दि. १५ नोव्हेंबर २०२५

प्रिय पप्पा,

सलाम.

गुरुवारी परत यायला उशीर झाला. उंब्रजला पाटणची एस.टी. चुकली आणि दुसरीची वाट बघत बसावं लागलं. पण ते बरंच झालं. घरी लगेच कुणाशी बोलावं लागलं नाही.

बंगला मिशनला परत करायचा हे दादाला सांग म्हणालात, ते सांगितलं. तो फोनवर खूप चिडला. “आता रस्त्यावर राहू का?” म्हणाला. त्याला वेळ द्यायला हवा. सोनमला कारखान्यातून सोडवून आणलंय. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसेल, अभ्यास मी घेते. तिचं वर्ष गेलं ते गेलंच, पण पुढची वाचतील. तात्यांना मी सांगितलं की साहेबांनी तुमची माफी मागितलीय. ते उठून गोठ्यात गेले. आज सकाळी मात्र म्हणाले, “सायबांचा गुडगा कसा हाय ते इचारायचं ऱ्हायलं.” माफ करायचं की नाही ते त्यांच्यावर सोडू.

तुम्ही बाहेर याल असं मला वाटलं नव्हतं. पण आलात. मग जाळीला कपाळ टेकवून म्हणालात, “ती सभा झाली नव्हती, बाळा.” त्यानंतर जे सांगितलंत ते मी इथे लिहिणार नाही. पाळकाने असं ऐकलेलं पाळकाजवळच राहतं, पत्र वाचणाऱ्या साहेबांनी मला क्षमा करावी. कोर्टात स्वतःच्या तोंडाने काय सांगायचं ते तुम्ही ठरवलंय. ते सांगा. नाथाजीराव वकीलपत्र सोडतो म्हणाले तर सोडू देत.

तुमचं बोलून झालं तेव्हा मी हात वर केला. अंगावर झगा नव्हता, खांद्याला बाजाराची पिशवी होती, आणि शेजारची बाई नवऱ्याला म्हैस विकल्याचं ओरडून सांगत होती. मी क्षमेचे शब्द सुरू केले न केले तोच शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं. तुम्ही वळून वळून माझ्या तोंडाकडे बघत आत गेलात. तुम्ही स्वतः हे शब्द हजारांना दिलेत पप्पा, आणि तुमच्यावर वेळ आली तेव्हा ते अर्धेच मिळाले. एस.टी.त मला तेच खुपत होतं.

या शब्दांनी खटला सुटणार नाही. जागा परत येणार नाही. शिक्षा झाली तर ती भोगावी लागेल आणि मी तुम्हाला ती टाळा असं म्हणणार नाही. हे सगळं माहीत असूनही, किंवा माहीत आहे म्हणूनच, जे राहिलं ते इथे पुरं करते. जमलं तर उभे राहून वाचा. गुडघा दुखत असेल तर बसून.

तुम्ही आपलं पाप देवापुढे कबूल केलंत आणि त्याने ते ऐकलं. येशू ख्रिस्ताने आपल्या मंडळीला जो अधिकार दिला आहे त्यावरून, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, मी तुमच्या सगळ्या पापांची क्षमा तुम्हाला जाहीर करते.

आमेन. आता शांत झोपा.

तुमची मुलगी आणि तुमची पाळक,
उत्कर्षा